लंडन, आजीच्या चालीने

सासूबाईंना पहिल्यांदा लंडन दाखवायला नेलं, त्या दिवशी मी आठ ठिकाणांची यादी केली होती. राजवाडा, पार्लमेंट, लंडन आय, ब्रिटिश म्युझियम, टॉवर ब्रिज, ऑक्सफर्ड स्ट्रीट आणि आणखी दोन. दुपारी चारच्या सुमारास ट्राफल्गर चौकातल्या पायऱ्यांवर त्या बसल्या आणि त्यांनी बूट काढले. पाय सुजले होते, मोज्यांचे वळ घोट्यावर उमटले होते. धाकटा माझ्या कडेवर झोपला होता, मोठी भुकेने रडकुंडीला आली होती. सासूबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "अगं, आज आपण काय काय बघितलं ते रात्री मला एकदा सांग हं. उद्या फोनवर माईंना सांगायचंय."

ज्यांच्यासाठी एवढी धावाधाव केली, त्यांना काय पाहिलं ते आठवतही नव्हतं. त्यानंतर आई-बाबा, मावशी, नणंदेचं कुटुंब, भाचरं असे कितीतरी जण येऊन गेले आणि माझी यादी दर वेळी लहान होत गेली. आता मी एका दिवसात दोनच मोठ्या गोष्टी धरते. एक सकाळी, एक दुपारी, आणि त्या दोन्हींना जोडणारा प्रवास असा निवडते की तोही पाहण्यासारखा असावा. दिवस आखताना शहर किती मोठं आहे हे बघू नका. तुमच्यातलं सगळ्यात हळू चालणारं माणूस न थकता किती चालतं ते बघा. ते माणूस बहुधा आजी असते, कधी चार वर्षांचं पोर असतं. दिवस त्यांच्या चालीने गेला पाहिजे.

तीन पिढ्या बरोबर असतील आणि हातात एकच दिवस असेल, तर मी वेस्टमिन्स्टर ते ग्रिनिच हा रस्ता सुचवते. सकाळी पार्लमेंटच्या आसपास, मग थेम्स नदीतून बोटीने पूर्वेकडे, आणि दुपारी ग्रिनिचच्या टेकडीवर. शहराचा मोठा भाग बोटीत बसल्या बसल्या दिसतो, हा यातला सगळ्यात मोठा फायदा. आजीचे गुडघे आणि मुलांचा कंटाळा, दोन्हींवर बोट हा चांगला उतारा आहे.

निघण्याआधी तिकिटांचं समजून घ्या, कारण पहिला गोंधळ तिथेच होतो. लंडनच्या बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, २०१४ पासून ते बंदच आहे. काँटॅक्टलेस बँक कार्ड, फोन किंवा ऑयस्टर कार्ड यंत्राला टेकवायचं. प्रत्येक मोठ्या माणसाला स्वतंत्र कार्ड लागतं; एकाच कार्डावर चौघं जाऊ शकत नाहीत. म्हणून भारतातून निघतानाच दोन-तीन फॉरेक्स कार्डं वेगवेगळ्या नावांवर करून आणा, किंवा आजी-आजोबांसाठी स्टेशनवर ऑयस्टर घ्या. ट्यूबमध्ये आत जाताना जे कार्ड टेकवलं, तेच बाहेर पडताना टेकवायचं. आत जाताना कार्ड आणि बाहेर येताना त्याच कार्डाचा फोन वापरला, तर यंत्राला ती दोन वेगळी माणसं वाटतात आणि दोघांकडून जास्तीचे पैसे कापले जातात. माझ्या भावाच्या बाबतीत हे झालं आणि आठवडाभर रोज झालं, कारण कार्डाचं स्टेटमेंट त्याने शेवटी पाहिलं. बसला मात्र फक्त चढतानाच टेकवायचं. बसचं भाडं एकदा कापलं की पहिल्या टेकवण्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी तेवढंच राहतं.

११ वर्षांच्या आतली मुलं बसमध्ये फुकट, आणि तिकीट असलेल्या मोठ्या माणसाबरोबर ट्यूबमध्येही फुकट जातात. त्यांना घेऊन रुंद फाटकातून जायचं, तिथे कर्मचारी उभा असतो. ११ ते १५ वयाची मुलं असतील तर त्यांच्या ऑयस्टर कार्डावर 'यंग व्हिजिटर' सवलत घालून द्यायला स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला सांगा. १४ दिवसांपर्यंत अर्धं भाडं लागतं. हे न विचारता कोणी सांगत नाही.

आजी-आजोबा बरोबर असताना ट्यूबपेक्षा बस बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. ट्यूब १८६३ साली सुरू झाली, जगातली पहिली भुयारी रेल्वे. ती बघायलाच हवी, पण जुनी असल्यामुळे बऱ्याच स्टेशनांवर लिफ्ट नाही. सरकते जिने इतके लांब आणि वेगाने चालणारे असतात की आपल्याकडच्या मॉलमध्ये सहज चढणारी आजीही इथे पहिल्या पायरीवर थबकते. वेस्टमिन्स्टर स्टेशनला लिफ्ट आहे. नकाशावर ज्या स्टेशनांपुढे व्हीलचेअरची खूण असते तीच निवडा. जिन्यावर उभं राहायचं ते उजव्या बाजूला. डावी बाजू घाईत असलेल्यांसाठी मोकळी ठेवतात, आणि तिथे उभं राहिलं की मागून येणारा माणूस तोंडाने 'सॉरी' म्हणतो पण त्याचा अर्थ 'बाजूला व्हा' असतो.

मुलांना घरातून निघतानाच एक नियम पाठ करून घ्या. गाडीचं दार लागलं आणि तू एकटा आत राहिलास, तर पुढच्या स्टेशनला उतर आणि तिथेच प्लॅटफॉर्मवर उभा राहा, आम्ही मागच्या गाडीने येतो. गाडी गेली आणि तू प्लॅटफॉर्मवर राहिलास, तर जागचं हलू नकोस. घाबरलास तर गणवेशातल्या माणसाला सांग. मुलाच्या खिशात तुमचा नंबर देशाच्या कोडसह लिहिलेला कागद ठेवा. आणि हाच नियम आजोबांनाही सांगा. आमच्याकडे मुलं कधी हरवली नाहीत. एकदा बाबा हरवले होते, आणि त्यांच्याजवळ ना फोन होता ना कागद.

आता सकाळ. दहा वाजायच्या पाच मिनिटं आधी वेस्टमिन्स्टर पुलाजवळ या. घड्याळाच्या मनोऱ्याला सगळे बिग बेन म्हणतात, पण बिग बेन हे आतल्या घंटेचं नाव. मनोऱ्याचं नाव २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर आहे. घंटेचं वजन १३.७ टन. आधी लहान घंटांची धून वाजते, मग क्षणभर शांतता, आणि मग पहिला ठोका. मुलांना मोजायला सांगा. फोटो नंतर काढता येतील. दहा ठोके होईपर्यंत फोन खिशात ठेवून बघा. माझी आई या ठोक्यांना नकळत हात जोडून उभी राहिली होती. देवळातल्या घंटेची सवय.

पुलावर दोन गोष्टींपासून जपा. वाट्या आणि चेंडूचा खेळ मांडून बसलेली माणसं दिसतील. जिंकणारे आणि टाळ्या वाजवणारे त्यांचेच साथीदार असतात. आणि फुटपाथच्या कडेला उभं राहून फोनवर नकाशा पाहू नका. सायकलवरून येऊन हातातला फोन ओढून नेण्याचे प्रकार मध्य लंडनमध्ये बरेच होतात. नकाशा बघायचा तर भिंतीकडे पाठ करून बघा.

पार्लमेंटसमोरच्या चौकात गांधीजींचा ब्राँझचा पुतळा आहे, फिलिप जॅक्सन या शिल्पकाराने घडवलेला, २०१५च्या मार्चमध्ये उभारलेला. शाल पांघरलेले गांधीजी. १९३१ साली ते गोलमेज परिषदेसाठी लंडनला आले होते तेव्हाच्या एका छायाचित्रावरून तो केला आहे. त्याच चौकात चर्चिलचाही पुतळा आहे. चर्चिलने गांधीजींविषयी काय काय उद्गार काढले होते ते आजोबांना माहीत असतं. मुलांना ते आजोबांच्या तोंडून ऐकू द्या. इथे तुम्ही गाइड होऊ नका.

राजवाड्यापुढचा पहारा बदलण्याचा सोहळा बघायचाच, असा आग्रह बरेच जण धरतात. मी तो टाळते. तो रोज नसतो, बहुतेक वेळा सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी अकरा वाजता असतो, आणि कठड्याजवळ जागा हवी तर तासभर आधी जाऊन उभं राहावं लागतं. पाच वर्षांच्या मुलाला पुढच्या माणसांच्या पाठी तेवढ्या दिसतात, आजीला बसायला जागा मिळत नाही. त्याऐवजी पार्लमेंटपासून व्हाइटहॉलने सावकाश चालत हॉर्स गार्ड्सपाशी जा. वाटेत डावीकडे पंतप्रधानांच्या डाउनिंग स्ट्रीटचं लोखंडी फाटक लागतं. हॉर्स गार्ड्सच्या कमानीपाशी दोन घोडेस्वार शिपाई दहा ते चार या वेळेत उभे असतात, दर तासाला बदलतात. मुलं त्या घोड्यांच्या अगदी जवळ जाऊ शकतात. चकचकीत शिरस्त्राण, हातात तलवार, आणि स्वाराची पापणीसुद्धा हलत नाही. घोडा मात्र कान हलवतो, फुरफुरतो, आणि त्यातच मुलांना सगळी मजा येते. घोडा चावू शकतो, लाथ मारू शकतो अशी पाटी तिथे आहे. ती खरी समजा. लगामाला हात लावायचा नाही.

कमानीतून पलीकडे गेलं की मोठं मैदान आणि त्याला लागून सेंट जेम्स पार्क. आजीला बाकावर बसवा. तळ्यात पाणकोळी दिसतील, म्हणजे पेलिकन. १६६४ साली रशियाच्या वकिलाने राजाला पेलिकनची जोडी भेट दिली, तेव्हापासून ते इथे आहेत. पंधरा मिनिटं बसा, घरून आणलेलं काहीतरी खा. अकरा ही मुलांच्या भुकेची वेळ असते, आणि ती भूक चुकली की पुढचा दिवस बिघडतो. नातेवाइकांकडे उतरला असाल तर सकाळी पोळीत भाजी गुंडाळून फॉइलमध्ये घ्या. पाण्याची बाटली कुठल्याही नळावर भरा, इथलं नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

मग वेस्टमिन्स्टरचा धक्का, पुलाच्या अगदी खाली. ग्रिनिचला जाणाऱ्या बोटी दोन प्रकारच्या. एक प्रवाशांच्या नेहमीच्या वेगवान बोटी, ज्यात तेच काँटॅक्टलेस कार्ड चालतं. दुसऱ्या पर्यटकांच्या, सावकाश जाणाऱ्या, माईकवरून माहिती सांगणाऱ्या. वेगवान बोट पाऊण तासाच्या आसपास घेते. बोटीत स्वच्छतागृह असतं, चहा-कॉफी मिळते, काचेआड बसायला ऊबदार जागा असते. मुलांना मागच्या उघड्या भागात न्या, पण मे महिन्यातही नदीवरचा वारा बोचतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यातून येणाऱ्यांना हे खरं वाटत नाही. कान झाकणारी टोपी आणि एक जाकीट प्रत्येकाच्या पिशवीत असू द्या.

बोटीतून काय काय दिसतं ते आधी थोडं सांगून ठेवलं तर मुलं दोन्ही काठ बघत राहतात. उजवीकडे लंडन आयचं १३५ मीटर उंच चक्र. डावीकडे सेंट पॉल चर्चचा घुमट, क्रिस्टोफर रेनने बांधलेला. १६६६च्या आगीत जुनं चर्च जळालं, त्यानंतरचं हे. रेनचं नाव लक्षात ठेवा, ग्रिनिचला त्याची पुन्हा गाठ पडायची आहे. मग टॉवर ऑफ लंडन आणि १८९४चा टॉवर ब्रिज, ज्याच्या खालून बोट जाते. पुलाचे दोन्ही पंख वर उचलले जातात त्याच्या वेळा आधी जाहीर होतात; जमल्यास त्या बघून बोट धरा. आणखी एक गोष्ट मुलांना दाखवा. काठाच्या भिंतींवर पाण्याची ओली, हिरवट रेघ कुठवर आहे ते बघायला सांगा. थेम्स इथे समुद्राच्या भरतीने चढते-उतरते, आणि हा फरक सात मीटरपर्यंत असतो. म्हणजे दुमजली घराएवढं पाणी दिवसातून दोनदा येतं आणि जातं. मुंबईच्या मुलाला हे लगेच कळतं. साताऱ्याच्या माझ्या भाच्याला परतताना तीच भिंत पुन्हा दाखवली, तेव्हा पटलं.

टॉवर ऑफ लंडन बोटीतून बघून पुढे जायचं म्हटलं की कोणीतरी विचारतंच, "आणि कोहिनूर?" कोहिनूर तिथेच आहे, राजमाता एलिझाबेथ यांच्या मुकुटात, १०५.६ कॅरटचा. पण टॉवरचं तिकीट महाग आहे, आणि तो नीट बघायला अर्धा दिवस हवा. मुकुटांसमोरून सरकत्या पट्ट्यावरून जावं लागतं. कोहिनूरपुढे आपण काही सेकंदच असतो. ज्यांना तो बघितल्याशिवाय चैन पडणार नाही, त्यांनी दुसरा दिवस काढावा आणि सकाळी उघडताच आधी तिथे जावं. ग्रिनिचच्या दिवसात तो कोंबू नका.

ग्रिनिचच्या धक्क्यावर उतरताच समोर 'कटी सार्क' उभं असतं. १८६९ साली बांधलेलं, चीनचा चहा आणणारं शिडाचं जहाज, आता कोरड्या गोदीत वर उचलून ठेवलेलं. बाहेरून फुकट दिसतं आणि मुलांना बहुधा तेवढं पुरतं. इथून घड्याळाकडे लक्ष ठेवा, कारण बारा पंचावन्नच्या आत टेकडीवर पोचायचं आहे.

टेकडी अवघड नाही, पण चढ आहे. बाकांवर टेकत गेलं तर वीस-पंचवीस मिनिटं लागतात. गुडघेदुखी असेल तर धक्क्यापासून काळी टॅक्सी करून ब्लॅकहीथच्या बाजूच्या फाटकाला उतरा. तिथून वेधशाळेपर्यंत झाडांमधून सरळ, जवळजवळ सपाट रस्ता आहे. सासूबाईंना दुसऱ्या खेपेला मी तसंच नेलं, आणि टॅक्सीचे ते पैसे त्या प्रवासातले सगळ्यात चांगले खर्च झालेले पैसे होते.

ग्रिनिचची वेधशाळा १६७५ साली दुसऱ्या चार्ल्स राजाने काढली. इमारत पुन्हा आपल्या त्या क्रिस्टोफर रेनचीच. छपरावर एका खांबाला मोठा लाल चेंडू आहे. १८३३ पासून, वाऱ्याने अडवलं नाही तर, रोज बारा पंचावन्नला तो अर्ध्यावर चढतो, बारा अठ्ठावन्नला टोकाला जातो आणि बरोबर एकला खाली येतो. थेम्समध्ये नांगरलेल्या जहाजांवरचे लोक दुर्बिणीतून त्याकडे बघून आपली घड्याळं लावायचे. समुद्रात आपण पूर्व-पश्चिम कुठे आहोत हे कळायला अचूक वेळ लागायची. घड्याळ चुकलं तर जहाज चुकायचं. चेंडू बाहेरूनच दिसतो, त्याला तिकीट नाही. मुलांना आधी हे सगळं सांगितलं असेल तर ती श्वास रोखून बघतात. न सांगता नेलं तर विचारतात, "एवढंच?"

बाहेरच्या भिंतीत एक घड्याळ आहे, १८५२चं. त्याच्या तबकडीवर बारा नव्हे, चोवीस आकडे आहेत. दुपारचे बारा तबकडीच्या तळाशी येतात. आणि हे घड्याळ कायम ग्रिनिचची खरी वेळ दाखवतं, त्यामुळे उन्हाळ्यात ते लंडनच्या वेळेपेक्षा एक तास मागे असतं. आधी मुलांना ते वाचू द्या, चुकू द्या. त्याच्याजवळच भिंतीत एक यार्ड, दोन फूट, एक फूट या मापांच्या पितळी खुणा बसवल्या आहेत. लोक आपली मोजपट्टी खरी की खोटी ते तिथे येऊन पडताळत. माझ्या मुलीने तिथे आपली शाळेतली फूटपट्टी लावून बघितली होती. आता मी पाहुण्यांच्या मुलांनाही पट्टी आणायला सांगते.

इथे आजोबांना पुढे करा. आपल्याकडचं काट्यांचं घड्याळ, भारताच्या वेळेवर लावलेलं, उलटं धरायचं. सहाचा आकडा वर. जी वेळ दिसेल ती ग्रिनिचची. भारतात तीन वाजले असतील तर उलट्या घड्याळात साडेनऊ दिसतात, आणि ग्रिनिचला खरंच साडेनऊ असतात. तासकाटा अर्धं घर मागे राहतो, पण मिनिटकाटा चोख असतो. भारत ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे म्हणून हे जमतं. थंडीत हीच लंडनची वेळ. मार्चअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत तीत एक तास मिळवायचा. बाबांनी हे माझ्या मुलांना वेधशाळेच्या दारात करून दाखवलं, मनगटावरचं एचएमटी काढून, आणि शेजारी उभं असलेलं एक परकं कुटुंबही वाकून बघायला लागलं.

आपली जुनी गोष्टही इथेच सांगण्यासारखी आहे. मुंबईची स्वतःची वेगळी वेळ होती, ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे. १९०६ साली देशभर साडेपाच तासांची प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली वेळ सोडली नाही. ती १९५५ पर्यंत टिकली. म्हणजे एकोणचाळीस मिनिटांचा फरक. तुमच्या घरातल्या नव्वदीच्या आजीने कदाचित ती दोन्ही घड्याळं पाहिली असतील. विचारा त्यांना.

तिकीट काढून आत जायचं का? आवारात ती शून्य अंशाची रेघ आहे, १८८४च्या वॉशिंग्टन परिषदेत जगाने मान्य केलेली. एक पाय पूर्व गोलार्धात, एक पश्चिमेला, असा फोटो सगळ्यांना हवा असतो आणि त्यासाठी रांग लागते. नुसत्या फोटोसाठी तिकीट काढू नका. आवाराच्या बाहेर, खालच्या पायवाटेवर भिंतीत तीच रेघ आखलेली आहे आणि तिथे गर्दी नसते. आत जायचं ते जॉन हॅरिसनने केलेली समुद्री घड्याळं बघण्यासाठी. दहा-बारा वर्षांच्या पुढचं, यंत्रांची आवड असलेलं मूल असेल तर जरूर जा. कधी कधी दुरुस्तीसाठी वेधशाळेचा काही भाग बंद असतो, तेव्हा तिकीट काढण्याआधी त्यांचं संकेतस्थळ बघून घ्या. फोन हातात असलेल्या पोरांना एक काम द्या: रेघेवर उभं राहून फोनमधला रेखांश बघायचा. तो शून्य दिसत नाही. उपग्रहांवर चालणाऱ्या मोजणीतली शून्य रेघ तिथून सुमारे १०२ मीटर पूर्वेला, बागेत आहे. ती शोधत पोरं पळतात, आणि मोठ्यांना अर्धा तास निवांत मिळतो.

जेवण बागेतच, उतारावरच्या गवतावर बसून. खाली ग्रिनिच मार्केटमध्ये खाण्याचे बरेच ठेले आहेत, पण शाकाहारी माणसांनी थोडं जपावं. डबाबंद पदार्थांवर घटक छापलेले असतात आणि ज्यांची ॲलर्जी होऊ शकते ते घटक ठळक अक्षरात असतात. त्यांत अंडं आणि दूध दोन्ही येतात, त्यामुळे अंडं न खाणाऱ्यांनी ठळक अक्षरांवरून नजर फिरवली तरी काम होतं. जिलेटिन मात्र ठळक नसतं. मुलांच्या रंगीत जेलीच्या गोळ्यांत ते असतं आणि ते प्राण्यांपासून काढलेलं असतं. 'शाकाहारींसाठी योग्य' अशी खूण असेल तरच घ्या. चिप्सच्या दुकानात बटाटा निर्धोक वाटतो, पण तो बऱ्याचदा मासे तळलेल्या तेलातच तळलेला असतो, काही ठिकाणी गोवंशाच्या चरबीतही. विचारायला संकोच करू नका. इथले दुकानदार सरळ उत्तर देतात आणि कोणी नाक मुरडत नाही.

दुपारी तीननंतर जे होईल ते वरकड समजा. उत्साह असेल तर टेकडीच्या पायथ्याला राष्ट्रीय सागरी संग्रहालय आहे, प्रवेश फुकट. १८०५च्या ट्राफल्गरच्या लढाईत नेल्सनच्या अंगात असलेला कोट तिथे आहे, डाव्या खांद्यावर गोळीचं भोक असलेला. तेवढा कोट बघून बाहेर या. संग्रहालयांचं मी सगळ्यांना हेच सांगते: दोन वस्तू ठरवून आत जा.

पाऊस लागून राहिला तर नदीचा बेत रद्द करून सरळ साउथ केन्सिंग्टनला जा. स्टेशनपासून भुयारी वाटेने संग्रहालयांपर्यंत जवळजवळ न भिजता पोचता येतं. नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या मोठ्या दालनात २५.२ मीटर लांबीचा निळ्या देवमाशाचा सांगाडा छताला टांगलेला आहे. त्याच्याखाली आडवं पडून वर बघायला मुलांना कोणी रागावत नाही. शेजारच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये टिपूचा वाघ आहे. शिवरायांची म्हणून ओळखली जाणारी वाघनखं तिथलीच, पण ती २०२४ साली तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आणली आहेत, तेव्हा त्यांच्या शोधात दालनं पालथी घालू नका. मेच्या शेवटच्या आठवड्यात इथल्या शाळांना सुट्टी असते आणि या दोन्ही ठिकाणी तुडुंब गर्दी होते.

आणि घरातल्या मोठ्यांच्या मनात बाबासाहेब असतील, तर दुपार ग्रिनिचऐवजी उत्तरेकडे वळवा. १० किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना डॉ. आंबेडकर या घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. एम्बँकमेंटहून नॉर्दर्न लाइनने चॉक फार्मला उतरायचं, मग थोडं चालायचं. आजूबाजूला अगदी साध्या, एकमेकींना चिकटलेल्या विटांच्या घरांची ओळ, आणि त्यातल्या एकावर निळी पाटी. माझ्या शेजारच्या कुटुंबाबरोबर गेले होते तेव्हा त्यांचे आजोबा नाशिकहून आलेले. त्यांनी दाराशी चपला काढल्या, आत कोणी काढत नसतानाही, आणि मोज्यांनीच सगळ्या खोल्या फिरले. कुठल्या वारी, किती ते किती उघडं असतं ते आधी बघून जा, म्हणजे एवढ्या लांब येऊन बंद दाराशी उभं राहावं लागणार नाही. जवळच प्रिमरोज हिल आहे. तिथल्या बाकावरून अख्खं लंडन दिसतं, आणि मनात जे काही दाटून आलेलं असतं ते बसायला ती जागा चांगली आहे.

ग्रिनिचहून परतताना बोट घेऊ नका, मुलांना डीएलआर द्या. ही गाडी चालकाशिवाय चालते, आणि सगळ्यात पुढच्या काचेशी प्रवाशांना बसता येतं. पुढची जागा रिकामी नसेल तर एक गाडी सोडा. पायांत अजून दम असलेल्यांनी नदीखालच्या १९०२च्या बोगद्यातून चालत पलीकडे जावं. सुमारे ३७० मीटर, पांढऱ्या फरशांचा, डोक्यावर थेम्स. लिफ्ट बंद असेल तर जिना गोल आणि लांब आहे, तेव्हा आजीला त्या वाटेने नेऊ नका. त्यांनी कटी सार्क स्टेशनवरून गाडी धरावी आणि पलीकडच्या आयलंड गार्डन्स स्टेशनवर सगळ्यांनी भेटावं. दोन स्टेशनं एकमेकांना लागून आहेत.

जूनमध्ये नऊच्या पुढेही उजेड असतो, त्याला भुलून दिवस लांबवू नका. सहापर्यंत घरी किंवा हॉटेलवर या. डिसेंबरात तर चारच्या सुमारासच सूर्य मावळतो, तेव्हा सगळं तासभर आधी सुरू करावं लागतं.

इथल्या न्हाणीघरात बादली-तांब्या नसतो. टबात कोमट पाणी घोट्यापर्यंत भरा, मूठभर मीठ टाका, आणि आजीला टबाच्या कडेला टॉवेलवर बसवा. दुसऱ्या खेपेला सासूबाई अशा पाय बुडवून बसल्या होत्या आणि फोनवर माईंना सांगत होत्या, "अगं, लाल चेंडू. हो, चेंडूच. एक वाजला की खाली येतो. मी बघितला ना."